गवत, दूध आणि रातांधळेपणा

गाय हिरवे गवत खाते आणि पांढरे दूध देते. मग गवताचा हिरवेपणा जातो कुठे, असे एखाद्या चौकस पोराने वर्गात विचारले, तर गुरुजींनी काय सांगावे? प्रश्न पोरकट नाही. त्याचा माग काढीत गेले की आपण एका विचित्र रोगापाशी येऊन पोहोचतो.

गवतातल्या हरितद्रव्याला एक लांब शेपूट असते. तिला फायटॉल म्हणतात. गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या कोठीपोटात कोट्यवधी जंतू असतात. ते ही शेपूट तोडून मोकळी करतात आणि तिचे फायटॅनिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल बनते. ते जनावराच्या चरबीत मुरते, दुधाच्या साईत उतरते. लोणी आणि तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. तेव्हा त्यांत ते आलेच. माशांच्या चरबीतही ते असते.

घाबरून तुपाची बरणी बाजूला ठेवू नका! निरोगी माणूस हे आम्ल बिनबोभाट जिरवतो. कसे, ते पाहण्याजोगे आहे. कडबा कापायचे यंत्र तुम्ही पाहिलेच आहे. कडबा आत सरकतो, पाते फिरते, सारख्या मापाचे तुकडे पडतात. शरीरही मेदाम्लाच्या साखळीतून दर खेपेस दोन-दोन कार्बन तोडते आणि त्यातून शक्ती मिळवते. पण फायटॅनिक आम्लाच्या साखळीला तिसऱ्या कार्बनवर एक फांदी फुटलेली असते. तिथे पाते अडते. मग शरीर युक्ती करते. आधी टोकाचा एकच कार्बन छाटते. फांदी तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर येते आणि पाते पुन्हा चालू लागते.

ही छाटणी होते पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्यांत. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढीही एखादी पिशवी भरायची नाही. त्यांचे पहिले दर्शन १९५४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून उंदराच्या मूत्रपिंडात झाले. पुढे बेल्जियमचे शास्त्रज्ञ द ड्यूव्ह यांनी त्यांना हे नाव दिले. जखम धुवायला जे फेसाळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, तेच या पिशव्यांत तयार होते आणि तिथल्या तिथे मोडले जाते. त्यावरून हे नाव. फार लांब साखळीची मेदाम्लेही आधी इथेच आखूड होतात.

आता छाटणी करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच सदोष असले तर? नॉर्वेचे डॉक्टर सिगवाल्ड रेफसुम यांनी १९४६ मध्ये अशा रोग्यांचे सविस्तर वर्णन केले. संध्याकाळ झाली की त्यांना दिसेनासे होई. वास कळत नसे, चालताना तोल जाई, हातापायांतले बळ ओसरे, कातडी खवल्यांसारखी होई. कारण काही उमगेना. १९६३ साली क्लेंक आणि काल्के या जर्मन संशोधकांना अशा रोग्याच्या अवयवांत फायटॅनिक आम्लाचा साठा सापडला आणि गाठ सुटली. जे खाल्ले ते जिरत नव्हते. वर्षानुवर्षे साठत होते.

मग उपाय ताटातच होता. नॉर्वेतल्याच एल्यार्न यांनी १९६६ मध्ये आहार बदलून रोग्यांच्या रक्तातले हे आम्ल उतरवून दाखवले. पथ्याने कातडी सुधारते, हातापायांत बळ येते. गेलेली दृष्टी मात्र सहसा परत येत नाही. म्हणून रोग लवकर ओळखण्याला एवढे मोल.

पहिल्यापहिल्याने रोग्यांना पालेभाज्याही वर्ज्य करीत. हरितद्रव्य तिथेच तर असते! पुढे कळले, की माणसाच्या पोटाला ती शेपूट फारशी तोडताच येत नाही. ते काम गायीच्या पोटातल्या जंतूंचे. म्हणजे मेथी-पालक निर्दोष, आणि साय-तूप वर्ज्य. शाकाहारी माणसाला कसले भय, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत सांगायलाच हवी. या रोग्याने कडक उपास करू नये. उपासाने अंगची चरबी वितळते आणि तिच्यात साठलेले आम्ल एकदम रक्तात उतरते. पथ्य नीट पाळणारा रोगीसुद्धा अशा वेळी एकाएकी अत्यवस्थ होऊ शकतो.

रोग दुर्मिळ आहे. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच तो होतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक घराण्यांत आहे, आणि नात्यातल्या लग्नात असे जुळून येण्याचा संभव वाढतो.

शिक्षक मित्रहो, दिवेलागणीला अडखळणारे मूल तुमच्या वर्गात असेल, तर आपल्याकडे पहिला संशय ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेचा घ्यावा. त्यावर औषध आहे. पपई, शेवग्याचा पाला आहे. पण डॉक्टरी उपचार होऊनही रात्रीचे दिसत नसेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. रक्तातले फायटॅनिक आम्ल मोजता येते. मुलाला वास येतो का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, आईबाप एकमेकांच्या नात्यातले आहेत का, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पालकांनी आपणहून सांगावे.