पत्रादेवीचा न चाललेला खटला

वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीहून आजच्या तारखा पुढे ढकलून मालवणला आलेल्या माझ्या वकील बंधुभगिनींनो,

सत्तेवरून गेलेल्या हुकूमशहांना कोर्टात उभे कसे करायचे, हा आपल्या परिषदेचा विषय. तो निघाला की चिलीचा पिनोशे आठवतो, चाडचा हाब्रे आठवतो. त्यांच्याकडे येऊच. पण आपल्याला आधी बांद्यापलीकडच्या पत्रादेवीला जायला हवे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथे गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. सहोदराबाई राय तिरंगा घेऊन पुढे होत्या, त्या जखमी झाल्या. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग तिथेच ठार झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलीस कोठडीतल्या छळाने गेले होते. या सगळ्याचा आरोपी क्रमांक एक लिस्बनला बसला होता, पोर्तुगालचा हुकूमशहा अंतोनियो सालाझार. १९६८ साली खुर्चीवरून पडल्याचे निमित्त होऊन त्याची सत्ता गेली आणि १९७० साली तो अंथरुणात वारला. त्याचा वारस कायतानो १९७४ च्या क्रांतीनंतर ब्राझीलला गेला आणि तिथेच १९८० साली मेला. समन्स दोघांनाही नाही.

हाताखालच्यांचे काय झाले? कासिमिरो मोंतेरो हा गोव्यातच जन्मलेला पोलीस एजंट. सत्याग्रहींना बडवण्यात त्याचा हात कुणी धरला नसेल. पुढे तो सालाझारच्या गुप्त पोलिसांत गेला. १९६५ साली स्पेनच्या हद्दीत विरोधी नेते जनरल डेल्गादो यांचा खून झाला, त्यात तो होता. त्या खुनाबद्दल १९८१ साली लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने त्याला गैरहजेरीत दोषी ठरवले. तो तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होता, आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. खटला जनरलच्या खुनाचा होता. गोव्यात ज्यांची हाडे मोडली, त्यांचा त्या दोषारोपात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

गोव्याच्या प्रकरणात शिक्षा कुणाला झालीच नाही, असे मात्र नाही. शेवटचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना झाली. मरेपर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. या गृहस्थाने १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करून दोन्हीकडची माणसे वाचवली, आणि मायदेशी परतल्यावर सैन्यातून बडतर्फ झाला. हुकूमशाहीचा न्याय असा असतो. १९७४ नंतर त्यांना हुद्दा परत मिळाला, एवढे समाधान.

आता पिनोशे. १९९८ साली लंडनमध्ये त्याला अटक झाली. माजी राष्ट्रप्रमुख असणे ही छळाच्या आरोपातून सुटण्याची ढाल नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी ठरवले आणि जगभरचे वकील हरखले. त्याच निकालातला दुसरा भाग आपण फारसा सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार ब्रिटनमध्ये १९८८ साली लागू झाला, म्हणून त्यानंतरच्याच छळाचा विचार होईल, असे तो सांगतो. पिनोशेची सत्ता १९७३ पासूनची. सर्वांत रक्ताळलेली वर्षे एका तारखेने बाहेर गेली. पुढे तो प्रकृतीच्या कारणावरून सुटला आणि २००६ साली शिक्षेविना मेला. हाब्रेच्या प्रकरणातही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१२ साली त्याला आश्रय देणाऱ्या सेनेगलला खटला चालवा किंवा आरोपी सोपवा असे बजावले, पण कराराचे बंधन सेनेगलवर १९८७ पासूनचेच धरले. हाब्रे सत्तेवर आला १९८२ साली. तरी डाकारमधल्या खास न्यायालयाने २०१६ साली त्याला जन्मठेप दिली. चाडच्या पीडितांनी पंचवीस वर्षे पाठ सोडली नाही, त्याचे ते फळ.

आपला देश कुठे आहे? या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. अनुसमर्थन आजवर नाही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० साली लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. पोर्तुगीज कोठडीच्या कथा आपण पोराबाळांना सांगतो, पण आपल्याच कोठडीतल्या माणसासाठी स्वतंत्र कायदा करताना आपले सरकार, कुठल्याही पक्षाचे असो, चालढकल करते. ही चालढकल निरुपद्रवी नाही. उद्या करार मान्य झालाच, तर आधीच्या तक्रारींना अनुसमर्थनाचीच तारीख दाखवली जाईल.

अनुसमर्थनाच्या मागणीचा ठराव तुमच्या हाती दिला आहे. त्यात ‘लवकरात लवकर’ असे छापले आहे. ते खोडून तिथे महिना आणि वर्ष घालावे, अशी माझी सूचना आहे. अनुमोदन कोण देते?