गुरांची दुसरी भूक



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, संतवाङ्मय हे विषय शोभतात. चालकांनी मला मात्र गोठ्यातला विषय दिला. पाय धुऊन आलो आहे. विषयाचे शेण तेवढे धुता येणार नाही.

आधी घरची एक हकीकत. 1984 सालच्या भाद्रपदात आमची म्हैस व्याली. तिसरे वेत, दूध भरपूर. तिसऱ्या आठवड्यात तिची लघवी एकाएकी कॉफीसारखी काळपट लाल झाली. अंगात ताप नाही, गोचीड नाही. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या, वडिलांनी अंगारा आणला. पाचव्या दिवशी म्हैस बसली ती उठली नाही. वासरू शेजारच्या गाईवर जगवावे लागले. पुढे मी पशुवैद्यकाचे शिक्षण घेत असताना वर्गात याच रोगाचे वर्णन आले, आणि त्या तासाला माझ्या हातून वहीत अक्षर उतरले नाही. नजर कोणाची लागली नव्हती. तिच्या रक्तातला फॉस्फरस संपला होता. तो फार कमी झाला की रक्तातल्या तांबड्या पेशी दुबळ्या होऊन फुटतात आणि त्यांचा रंग लघवीतून वाहून जातो.

म्हैस रोज खात होती. मग हे घडले कसे?

याचे उत्तर आपल्या मातीत आहे. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो डोंगरउतारावरचे क्षार धुऊन काळ आणि सावित्री या नद्यांच्या हवाली करतो. जो फॉस्फरस उरतो त्याला तांबड्या मातीतले लोह धरून बसते, मुळांना सुटू देत नाही. जे मातीत नाही ते गवतात कोठून येणार? त्यात आपली वैरण म्हणजे भाताचा पेंढा. एक किलो पेंढ्यात फॉस्फरस जेमतेम एक ग्रॅम, आणि त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमलाही अडवून धरते. म्हशीच्या एका लिटर दुधातून मात्र सुमारे पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम आणि एक ग्रॅमच्या वर फॉस्फरस बाहेर जातो. सहा लिटर दूध देणाऱ्या म्हशीचा हिशेब आपणच घरी जाऊन मांडा. ती तूट हाडांतून भरते, आणि हाडेही कधीतरी हात वर करतात.

जनावर हे बोलून दाखवत नाही, पण करून दाखवते. गाय उकिरड्यावरचे हाड चघळते, वाळत घातलेले धोतर खाते, भिंत चाटते. आपण तिला खोडकर म्हणून काठी घालतो. दक्षिण आफ्रिकेत सर आर्नल्ड थायलर या पशुवैद्याने 1920 च्या सुमारास हेच पाहिले. तेथली गुरे माळावरची कुजलेली हाडे चघळत आणि त्यांतल्या विषाने लुळी पडून मरत. हाडे का चघळतात, याचा शोध घेता चाऱ्यातली फॉस्फरसची उणीव सापडली. हाडांचा चुरा खाऊ घालताच चघळणे थांबले. आज हाडांचा चुरा कोणी घालू नये, त्यातून दुसरे रोग येतात. खनिज मिश्रणात खडकापासून काढलेला फॉस्फरस मिळतो.

आता जीवनसत्त्वांकडे. यांत निसर्गाने गुरांवर माणसापेक्षा अधिक कृपा केली आहे. क जीवनसत्त्व त्यांचे शरीरच तयार करते. ड उन्हातून मिळते. ब गटातली कोटीपोटातले सूक्ष्म जंतू बनवतात. फक्त बी-12 साठी त्या जंतूंना चिमूटभर कोबाल्ट लागतो. खरी अडचण ‘अ’ची. ते हिरव्या चाऱ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून बनते. गाईच्या दुधात तो पिवळेपणा थोडा उतरतो. म्हैस सगळ्याचे जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे दूध पांढरे. फाल्गुनापासून मृगापर्यंत आपल्याकडे हिरवी काडी दिसत नाही. त्या दिवसांत गाभण राहिलेल्या जनावराची वासरे अशक्त, क्वचित आंधळी निपजतात आणि आपण दोष वळूला देतो.

उपाय महाग नाही, काही तर घरातच आहे. भाताचा कोंडा! त्याच्या एका किलोत पेंढ्याच्या दसपटीहून जास्त फॉस्फरस असतो, आणि तो आपण गिरणीत सोडून येतो. भात आपण दळायचे, तांदूळ घरी आणायचा आणि पेंढा गुरांना. धान्यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र गिरणीवाल्याचा, हा व्यवहार मला कधी उमजला नाही. कोंड्यात कॅल्शियम कमी, ते वालाच्या भुशातून आणि शेवरीच्या पाल्यातून येते. बांधावर शेवरी लावली तर उन्हाळ्यात हिरवेही मिळते. शिवाय मोठ्या दुभत्या जनावरास रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडे मीठ, विण्याआधी आणि नंतरही. एकदा दिले आणि महिनाभर विसरले, याचा उपयोग नाही.

आणि लाल लघवी दिसली तर वाट पाहू नका. गोचिडांपासूनही ती होते, तेव्हा बहुधा ताप असतो. दोन्हींचे औषध वेगळे. त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. पहिल्या दोन दिवसांत शिरेतून फॉस्फरस दिला तर पुष्कळ म्हशी वाचतात. अंगारा लावायचा तर डॉक्टर येईपर्यंत लावा, माझी हरकत नाही.

मी उद्या सकाळच्या गाडीपर्यंत बिरवाडीत आहे. कोणाची गाय हाडे चघळत असेल, वारंवार उलटत असेल, तर उजाडताच बोलवा. गोठ्यात येऊन पाहीन.