शेअर स्वस्त की महाग?

आमची नालवाडी वर्धा शहराला लागूनच आहे. अशा गावात शेताचा भाव विचारला, की उत्तरे दोन मिळतात. पीक घेणारा कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर भाव सांगतो, तर प्लॉट पाडू पाहणारा उद्याच्या आशेवर. शेअरचा भावही असाच ठरतो : आजची कमाई आणि उद्याची अपेक्षा.

पुष्कळ जण मात्र नुसता आकडा पाहतात. २० रुपयांचा शेअर स्वस्त आणि ५०० चा महाग, असे त्यांना वाटते. समजा, ५०० च्या शेअरमागे कंपनी वर्षाला ५० रुपये नफा कमावते. भाव कमाईच्या दहापट झाला. २० च्या शेअरमागे नफा पन्नासच पैसे असेल, तर भाव चाळीसपट. मग महाग कोणता?

अर्थात कमाई झपाट्याने वाढणार असेल, तर चाळीसपटही परवडते. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे जुने शेअर जपून ठेवणारी अमळनेरची कुटुंबे श्रीमंत झाली, कारण कंपनीची कमाई वाढत गेली. उलट, हर्षद मेहताच्या काळात बँकांच्या पैशाने भाव चढवले गेले. त्यामागे तेवढी कमाई नव्हती. १९९२ साली ते कोसळले आणि सामान्यांची बचत बुडाली.

शेत घेताना आपण सातबारा पाहतो. कंपनीचा नफा किती, कर्ज किती, हे तिच्या वार्षिक अहवालात असते. तोच तिचा सातबारा. तो वाचल्याशिवाय शेअर घेऊ नका.