टाकळा आणि कासविंदा



मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले कीं, रस्त्याच्या कडेला, पडीक रानांत आणि उकिरड्यांवर टाकळ्याचीं रोपें दाट उगवतात. विदर्भांत यासच तरोटा म्हणतात. फुलें येण्यापूर्वींचा कोंवळा पाला खुडून कांदा-लसणीवर परतलेली ही भाजी बिनपैशांची आणि रुचकर. परंतु त्याच जागीं, तशाच पिवळ्या फुलांचें दुसरें एक झुडूप वाढतें, तें कासविंदा. कित्येक ठिकाणीं त्यास रानटाकळा म्हणतात, आणि घोटाळ्याचें मूळ या नांवांतच आहे.

यास्तव नांवावर विसंबूं नये, पर्णिका मोजाव्या. टाकळ्याच्या एका देठावर पर्णिकांच्या ३ जोड्या असतात. पर्णिकेचें टोंक गोल, आणि शेवटची जोडी सर्वांत मोठी. कासविंद्याच्या देठावर बहुधा ४-५ जोड्या. पर्णिका लांबट व टोंकदार. ज्यांची दृष्टि शाबूत आहे त्यांनीं देठावरील बारीकशी ग्रंथीही पाहावी : टाकळ्यांत ती खालच्या पर्णिकांच्या मध्यें असते, कासविंद्यांत देठाच्या अगदीं बुडाशीं. वासावरून ओळखणारे पुष्कळ भेटतात. मला ती खूण भरंवशाची वाटत नाहीं, कारण टाकळाही चुरडला असतां उग्रच वास देतो.

पुढें शेंगा धरल्या म्हणजे संशय उरत नाहीं. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वांकलेली. कासविंद्याची आंखूड, चपटी, फिकट कडांची. खरा धोका हिच्यांतील बियांचा. उत्तर प्रदेशांतील बिजनोर जिल्ह्यांत हिंवाळ्याच्या तोंडाशीं लहान मुलें एकाएकीं ओकूं लागत, बेशुद्ध होत आणि थोडक्या दिवसांत दगावत. मेंदूचा कांहीं सांथीचा ज्वर असावा, असा समज होता. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय संशोधनांत कारण निघालें तें कासविंद्याच्या बिया खाल्ल्याचें. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिहींवर तें विष आघात करतें, आणि त्यावर नेमका उतारा नाहीं.

भाजी निवडतांना प्रत्येक देठ पाहावा. शंका येईल तो टाकून द्यावा. घराजवळ किंवा शाळेच्या आवारांत कासविंदा असल्यास शेंगा धरण्यापूर्वींच तो मुळासकट उपटावा. मुलानें बिया खाल्ल्याचें कळतांच, ओकारीची वाट न पाहतां त्यास रुग्णालयांत न्यावें, आणि ती शेंग बरोबर घ्यावी.