पदार्थ मिसळले, पंगत कधी मिसळणार?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘आपलं खाणं आणि आपली संस्कृती’ असा विषय मला दिला आहे. यावर बोलणं तसं सोपं असतं. बिर्याणी आणि पुरणपोळीची नावं घ्यायची, गंगा-जमुनी संस्कृतीचा गौरव करायचा आणि टाळ्या घेऊन जेवायला उठायचं. मला मात्र आज एक अडचणीचा मुद्दा मांडायचा आहे. आपल्या देशात पदार्थांनी एकमेकांच्या स्वयंपाकघरात केव्हाच जागा मिळवली. माणसांना ती अजून मिळालेली नाही.

जिलेबीचंच पाहा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला महाराष्ट्रात चौकाचौकात जिलेबीच्या कढया लागतात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर जिलेबी असतेच. हिचं मूळ नाव अरबीत ‘जलाबिया’, फारसीत ‘जुलबिया’. १०व्या शतकातल्या बगदादच्या पाकपुस्तकात ती आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात जिलेबीच्या इतिहासावर संशोधन केलं. साधारण १४५०च्या एका जैन ग्रंथात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरच्या जेवणात जिलेबी वाढली जाते. १७व्या शतकात रघुनाथ नवहस्ते यांच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथातही ती येते. म्हणजे अरबी नावाचा पदार्थ जैन कथेत आणि संस्कृत ग्रंथात मानाने जाऊन बसला, आणि कुणी त्याला मूळ गाव विचारलं नाही.

आता तुमच्यापैकी काहींना वाटेल, बघा, आम्ही या देशाला किती दिलं! जरा थांबा. समोशाचं उदाहरण घेऊ. १४व्या शतकात इब्न बतूता दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारात आला, तेव्हा त्याने जो समोसा पाहिला त्यात खिमा, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले होते. त्यात बटाटा नव्हता, मिरचीही नव्हती. असणार कुठून? बटाटा, मिरची, टोमॅटो, शेंगदाणा हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज १४९८मध्ये कालिकतला उतरले, त्यानंतर हे जिन्नस हळूहळू इकडे रुजले. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. आपल्या आजच्या बिर्याणीतली हिरवी मिरची, टोमॅटो आणि बटाटा काढून टाकला तर काय उरेल याचा विचार करा.

उपासाचं ताटही असंच आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, मिरचीही तिकडचीच. म्हणजे आषाढी एकादशीची खिचडी आणि आपल्या इफ्तारचा बटाटेवडा, दोन्ही एकाच गलबतातून आलेल्या जिन्नसांवर उभे आहेत. तेव्हा ‘शुद्ध आमचं’ असं ना त्यांना म्हणता येतं, ना आपल्याला.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पुढचा इतिहास तेवढा गोड नाही. तो कॉफीच्या कपात दिसतो.

कॉफी पहिल्यांदा रुजली ती येमेनमधल्या सूफींमध्ये. रात्रीच्या जिक्रमध्ये जागं राहता यावं म्हणून ते ती पीत. १५११ साली मक्केचा अधिकारी खैर बेग याने उलेमांना आणि हकिमांना बसवून कॉफीवर बंदी घातली. कैरोच्या सुलतानाने ती टिकू दिली नाही, आणि पुढे तीच कॉफी अरबी पाहुणचाराची ओळख झाली. हाच दाणा भारतात बाबा बुडन या सूफींनी हजहून येताना येमेनमधून आणला, अशी कथा आहे. चिकमगळूरजवळच्या डोंगरांना आजही त्यांचं नाव आहे, आणि तिथल्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघंही जात आले आहेत.

या कॉफीचं पुढे काय झालं? तमिळ मुलखात ती ब्राह्मण घरांची शान बनली. मद्रासच्या हॉटेलांत ब्राह्मणांना बसायला वेगळी जागा असे. पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांच्या कार्यकर्त्यांना १९५७मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर १० वर्षांनीही, एका हॉटेलसमोर आंदोलन करावं लागलं. ज्या सूफीच्या नावाने कॉफी आली, त्याच्या वंशजाला त्या वेगळ्या जागेत बसून ती पिता आली नसती.

पाण्याची गोष्ट तर आणखी कठीण. इंग्रजी राज्यात रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या घागरी असत. चहासुद्धा वेगळा. १९४५-४६मध्ये आझाद हिंद फौजेचे सैनिक लाल किल्ल्यात कैदेत होते, तेव्हा त्यांनाही हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगळा दिला जाई. गांधीजींनी विचारलं, मग तुम्ही काय करता? सैनिकांनी सांगितलं, आम्ही दोन्ही एकत्र करतो आणि वाटून पितो. एकतेवरच्या शंभर भाषणांपेक्षा मला ही कृती मोठी वाटते.

आपल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमानाने. हे नाव लक्षात ठेवा. त्याने शीरखुर्मा पाठवून भाईचारा दाखवला नाही, बसायला जमीन दिली.

आता आरसा आपल्याकडे फिरवू. इस्लाममध्ये जातपात नाही असं आपण म्हणतो. मग लग्न ठरवताना बिरादरी का विचारतो? काही बिरादऱ्यांच्या घरचं जेवण टाळताना नाक का मुरडतो? एका दस्तरखानावर सगळे समान, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पहाटेपासून चुलीपुढे राबलेल्या बायका त्या दस्तरखानावर कधी बसतात? पुरुष उठल्यावर, देगीत उरलं असेल ते घेऊन. गावच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवली जात होती, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना ते खटकलं?

माझं म्हणणं नीट समजून घ्या. काय खायचं आणि काय खायचं नाही, हा प्रत्येकाचा हक्क आहे. मी हलाल पाळेन, माझा जैन मित्र कांदा खाणार नाही, यात कुणाचा अपमान नाही. पण ‘मी हे खात नाही’ आणि ‘मी तुझ्याजवळ बसत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं आचरण आहे, दुसरा बहिष्कार. मांसाहाराचं कारण सांगून मुसलमानांना आणि दलितांना घर नाकारलं जातं, तेव्हा स्वयंपाकघर हे निमित्त असतं, नकार माणसाला असतो. फळवाल्याचं नाव विचारून केळी घेतली जातात, तेव्हा केळ्याचा धर्म कुणी बदललेला नसतो. याविरुद्ध बोलायलाच हवं. पण ज्या तोंडाने बोलायचं, त्या तोंडाने घरातला भेदभाव गिळून चालणार नाही.

म्हणून तीन कामं सुचवतो. पहिलं, घरी गेल्यावर दादी-नानीजवळ बसा आणि त्यांचे पदार्थ लिहून घ्या. कोकणातलं सांदण असो की मराठवाड्यातली ज्वारीची भाकरी, त्यात तुम्हाला तुमची मराठी माती सापडेल. कुणी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणालं, तर ती वही उत्तर देईल. दुसरं, येत्या ईदला डबा पाठवून थांबू नका. शेजाऱ्यांना घरी बोलवा, त्यांना जे चालतं ते रांधा, आणि त्यांच्या घरी जाऊन बसा. तिसरं आजच करता येईल. थोड्या वेळाने आपण जेवायला बसू. आज मुलींनी आधी वाढून नंतर जेवायचं नाही. सगळ्यांनी मिळून वाढायचं, सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि भांडी मुलांनी घासायची.

चला, पानं मांडायला कोण येतंय?