एक जोडी, बडोद्याच्या मैदानावरची



बडोदा म्हटलं की आपल्याला सयाजीराव आठवतात.
लक्ष्मीविलास राजवाडा आठवतो.
विश्वामित्री नदीतल्या मगरीही आठवतात.
भर शहरात, वस्तीला लागून राहणाऱ्या मगरी!

पण आजची गोष्ट मगरींची नाही.
क्रिकेटची आहे.

साल १९४७. महिना मार्चचा.
बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना.
समोर इंदूरचा होळकर संघ.
त्यांचे कर्णधार सी. के. नायडू.

बडोद्याचे तीन गडी शंभरीच्या आतच बाद झाले.
मग जोडी जमली.
एक विजय हजारे, सांगलीचे.
दुसरे गुल महंमद, लाहोरचे.
हजारे शांत, मोजून खेळणारे.
गुल महंमद डावखुरे, चणीनं लहान, फटक्यांना मोठे.

दोघांनी मिळून धावा केल्या ५७७.
पुन्हा सांगतो, ५७७.
एकाच जोडीच्या!
होळकरांच्या गोलंदाजांची मात्र दया येते.

कुठल्याही गड्यासाठीची ही जगातली सर्वांत मोठी भागी.
हा विक्रम जवळजवळ साठ वर्षं टिकला.
२००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला.

बडोद्यानं सामना डावानं जिंकला.
काही महिन्यांतच देशाची फाळणी झाली.
हजारे पुढं भारताचे कर्णधार झाले.
१९५२ साली मद्रासला भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.
आणि गुल महंमद?
आधी भारताकडून कसोटी खेळलेले गुल महंमद १९५६ साली कसोटीला उतरले, ते पाकिस्तानकडून.