इटलीत उभ्यानं जेवावं

इटलीला जाऊन आलेल्या मंडळींकडून दोन तक्रारी हमखास ऐकायला मिळतात. एक, तिथलं खाणं फार महाग. दुसरी, शाकाहारी माणसाला पित्झ्याशिवाय काही मिळत नाही. सहल कंपनीबरोबर गेलेल्यांचं ठीक असतं, रात्री वरण-भात ठरलेला असतो. पण अलीकडे आपली आपण रेल्वेची तिकिटं काढून, दोन-चार जण मिळून फिरणारी मराठी कुटुंबं वाढली आहेत. त्यांच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न अक्षरशः पोटाचा होतो. तिथल्या काही शहरांतून पायी हिंडल्यावर माझं मत असं झालं आहे, की इटलीत खाणं महाग नाही, महाग आहे ती खुर्ची.

हे खुर्चीचं प्रकरण आधी समजून घेऊ. इटलीतला 'बार' म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे. तो आपल्या अमृततुल्यचा थोरला भाऊ. सकाळी लवकर उघडतो. तिथे कॉफी मिळते, गोड पाव मिळतो, दुपारी सँडविच मिळतं. एकाच कॉफीचे तिथे दोन दर असू शकतात. 'अल बांको' म्हणजे फळीशी उभं राहून प्यायचा दर आणि 'अल ताव्होलो' म्हणजे टेबलाशी बसून प्यायचा दर. उभ्यानं साधारण सव्वा ते दीड युरोत मिळणारी कॉफी प्रसिद्ध चौकात बसून घेतली की कित्येक पट महाग होते. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात तर वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचा आकारही बिलात चढतो. ही फसवणूक नव्हे. दर लावून ठेवलेले असतात. आपण ते वाचायचे असतात, एवढंच.

गर्दीच्या बारमध्ये, विशेषतः स्टेशनांवर, आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, 'स्कोन्त्रीनो' नावाची पावती घ्यायची आणि ती फळीवर ठेवून पदार्थ मागायचा. आपल्याकडच्या उडप्याच्या सेल्फ सर्व्हिसमध्ये कूपन घेतलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

रेस्टॉरंटात बसलात तर 'कोपेर्तो' हा शब्द लक्षात ठेवा. पाव, काटे-चमचे, टेबलावरचं कापड यांचा हा माणशी आकार. बहुधा एक ते तीन युरो. चौघांचं कुटुंब असेल तर पहिला घास घेण्याआधीच बिलाला सुरुवात झालेली असते. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तिथे 2006 च्या कायद्यानं हा आकार बंद केला. पण पावाचे पैसे वेगळे लावता येतात. तेव्हा मेनूकार्डाच्या तळाची बारीक अक्षरं वाचावीत. वर टीप द्यायलाच हवी, असं मात्र नाही.

आता उभ्यानं काय खावं ते सांगतो. रोममध्ये 'पित्झा आल तालिओ'ची दुकानं गल्लोगल्ली आहेत. मोठ्या आयताकृती ताटांत पित्झा मांडलेला असतो. केवढा तुकडा हवा ते हातानं दाखवायचं. माणूस कात्रीनं किंवा सुरीनं कापतो, तराजूवर ठेवतो, वजनाप्रमाणे पैसे घेतो. दराच्या पाटीवर 'एत्तो' लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर ग्रॅम. बटाट्याचे पातळ काप आणि रोजमेरी घातलेला पित्झा आपल्या जिभेला लगेच पटतो. 'सुप्ली' नावाचा भाताचा तळलेला गोळा दिसतो थेट बटाटेवड्यासारखा. आतलं चीज तारेसारखं लांबतं. पण त्यात बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो, म्हणून 'सेन्झा कार्ने?', म्हणजे 'मांसाशिवाय?', असं विचारून घ्यावं.

नेपल्समध्ये पित्झ्याची चौघडी करून कागदात देतात. त्याला तिथे 'पाकिटातला पित्झा' म्हणतात. चालता चालता खायचा. नेपल्सच्या पित्झा भाजणाऱ्यांच्या कलेला 2017 साली युनेस्कोनं मानवी वारशाच्या यादीत घेतलं. त्या कलेचा आस्वाद घ्यायला दोन-तीन युरो पुरतात, हे मला त्या यादीपेक्षा मोठं वाटतं.

शाकाहाऱ्यांसाठी खरी आनंदाची गोष्ट म्हणजे बेसन. होय, इटलीत बेसन आहे! सिसिलीतल्या पालेर्मोला हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, त्याच्या पातळ वड्या तळतात आणि पावात घालून देतात. नाव 'पाने ए पानेल्ले'. मी रस्त्यावरच्या गाड्याशी उभा राहून ते खाल्लं, तेव्हा फक्त लसणाच्या चटणीची उणीव होती. गंमत म्हणजे त्यांचा 'पाने' आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेला 'पाव' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दाची लेकरं आहेत. उत्तरेला जेनोआत हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढंच घेऊन मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत 'फारिनाता' भाजतात. आपलं धिरडंच, फक्त जाडसर आणि भट्टीतलं.

रोमान्या भागात 'पियादिना' म्हणजे जाड पोळी, तव्यावर भाजून आत चीज-भाजी घालून दुमडलेली. मात्र तिच्या पिठात पारंपरिक पद्धतीनं डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलातली आहे का, ते विचारावं. कडक शाकाहाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की खऱ्या पार्मेझान चीजचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. चीज मुळीच नको असेल तर टोमॅटो, लसूण, ओरेगानोचा 'मारिनारा' पित्झा मागावा.

फ्लॉरेन्समध्ये गाड्यांवर 'लाम्प्रेदोत्तो' विकतात. गाईच्या चौथ्या जठराचे तुकडे, पावात घालून. आपल्यापैकी अनेकजण ते खाणार नाहीत. पण त्या गाडीशी दुपारी बांधकामावरचा मजूर आणि टाय लावलेला वकील शेजारी शेजारी उभे दिसतात, ते पाहण्यासारखं आहे. चांगलं मांस श्रीमंतांकडे जायचं, उरलेलं गरिबांच्या वाट्याला यायचं. हरभरा, शिळा पाव, आतडी यांतून त्यांनी चव काढली. आज आपण ज्याला इटलीचं रस्त्यावरचं खाणं म्हणतो, त्यातलं बरंचसं असं गरजेतून जन्मलेलं आहे.

म्हणूनच कुठे खावं, हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही. 1986 साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड उघडलं, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निषेध केला आणि त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. त्या लोकांचा राग झटपट खाण्यावर नव्हता, सगळीकडे एकच चव होण्यावर होता. पावात घातलेलं पानेल्लेही झटपटच मिळतं. पण ते पालेर्मोचं असतं. जुन्या चौकांत सहा भाषांतल्या फोटोवाल्या मेनूची, दारात उभं राहून हाका मारणाऱ्यांची हॉटेलं वाढतात, तेव्हा गल्लीतलं पिठा-पावाचं दुकान मागे सरतं. आपले पाच युरो कोणाच्या गल्ल्यात पडतात, याला म्हणून अर्थ आहे.

उभं राहणं सगळ्यांना जमत नाही, हे मला ठाऊक आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी 'ताव्होला काल्दा' अशी पाटी शोधावी. तिथे तयार गरम पदार्थ काचेआड मांडलेले असतात, बोट दाखवून घ्यायचे आणि बसून खायचं. दुपारी कामगारांसाठी ठरावीक दरात जेवण देणाऱ्या खाणावळीही असतात. स्थानिक माणसं जिथे जात असतील तिथे जावं. मात्र वेळ पाळावी. साडेबारा ते अडीच आणि पुन्हा संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. पुडा घेऊन कुठेही बसू मात्र नका. सेंट मार्क चौकात जमिनीवर बसून खाल्लं तर दंड होतो आणि स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला 2019 पासून मनाई आहे. बागेतला बाक सर्वांत बरा.

आणि पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये 'नाझोनी', म्हणजे 'मोठी नाकं', नावाचे लोखंडी नळ रस्त्यारस्त्यावर अखंड वाहत असतात. पाणी पिण्याजोगं आणि थंडगार असतं. नाकाचं टोक बोटानं दाबलं की वरच्या छिद्रातून कारंजं उडतं, थेट तोंडाशी. बरोबरच्या मुलांना ते दाखवा. कलोसियम विसरतील, पण हे विसरणार नाहीत.

फळीशी गेल्यावर आधी 'ब्वोन्जोर्नो' म्हणा, मग बोट दाखवा. भाषा येत नसली तरी चालतं. शेजारी उभा असलेला माणूस जरा सरकून जागा करून देतो, आणि तिथे उभं राहायचे वेगळे पैसे पडत नाहीत.